उपनगरातला पत्ता आणि शंभरातले गुण: ‘वॉक स्कोअर’ सेवेचे परीक्षण

वाढत्या उपनगरातील घराची जाहिरात पाहताना खोल्यांची संख्या, क्षेत्रफळ आणि बांधकामाचे वर्ष यांच्या शेजारी हल्ली अनेक ठिकाणी आणखी एक आकडा दिसतो. शून्य ते शंभर यांमधला हा आकडा त्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाला रोजची कामे पायी करता येतील की प्रत्येक वेळी गाडी काढावी लागेल, हे सांगतो. ‘वॉक स्कोअर’ हे या सेवेचे नाव. उपनगरांतील नव्या वस्त्या आणि मोडकळीला आलेल्या जुन्या बाजारपेठांचे पुनरुज्जीवन हा माझ्या आस्थेचा विषय असल्यामुळे मी ही सेवा पुष्कळदा वापरली आहे. आकडा पाहून झाल्यावर त्याच पत्त्याच्या आसपास वही घेऊन चाललोही आहे. घर घेणाऱ्या कुटुंबाने आणि गावाच्या आराखड्यावर मत देणाऱ्या नागरिकाने या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, हा या परीक्षणाचा विषय आहे.

ही सेवा २००७ साली अमेरिकेतील सिअॅटल येथे ‘फ्रंट सीट’ नावाच्या छोट्या संगणक संस्थेने सुरू केली आणि २०१४ साली घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायातील ‘रेडफिन’ या कंपनीने ती विकत घेतली. वापरण्याची रीत अत्यंत सोपी आहे. पत्ता टाइप करावा, क्षणभरात गुण, नकाशा आणि जवळच्या ठिकाणांची यादी समोर येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. ९० ते १०० गुण मिळालेल्या जागेला पादचाऱ्यांचा स्वर्ग म्हटले जाते. ७० ते ८९ म्हणजे बहुतेक कामे पायी होतात, ५० ते ६९ म्हणजे काही कामे होतात, ५० च्या खाली गेलेली जागा गाडीवर अवलंबून असते आणि २५ च्याही खाली गेल्यास जवळजवळ प्रत्येक कामासाठी गाडी लागते. नव्या उपनगरांतील पत्ते तपासू लागल्यावर शेवटचे दोन गट फार लवकर ओळखीचे होतात.

आकडा कसा तयार होतो हे माहीत नसताना तो वापरणे म्हणजे वजनकाट्याचा पाया न पाहता माल तोलून घेण्यासारखे आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. रस्त्यांचे जाळे लक्षात घेणारी जी पद्धत या सेवेने २०११ च्या सुमारास मांडली, तिच्यात ठिकाणांचे ९ वर्ग आहेत आणि त्यांना मिळून १५ भार दिलेले आहेत. त्यांपैकी किराणा व भाजीपाल्याच्या दुकानाला ३, उपाहारगृहे आणि बार यांना मिळून ३, इतर खरेदीच्या दुकानांना २ आणि कॉफीच्या ठिकाणांना २ असे भार आहेत. बँक, उद्यान, शाळा, पुस्तकांची जागा आणि करमणुकीची जागा यांना प्रत्येकी १ भार आहे. ठिकाण पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत असले तर पूर्ण गुण मिळतात. पुढे अंतर वाढते तसे गुण झपाट्याने घटतात. एक मैलावर त्यांचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो आणि दीड मैलानंतर, म्हणजे साधारण अर्ध्या तासाच्या चालीनंतर, ते ठिकाण हिशेबातच धरले जात नाही. या बेरजेतून आणखी एक वजावट होते. परिसरातील चौक विरळ असतील आणि दोन चौकांमधली अंतरे लांबलचक असतील तर एकूण गुणांतून जास्तीत जास्त १० टक्के कापले जातात.

पाव मैलाचे हे माप नवे नाही. अमेरिकी नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडलेल्या ‘शेजार-एकका’च्या कल्पनेत मधोमध प्राथमिक शाळा होती, कडेला दुकाने होती, मोठे रस्ते वस्तीला बाहेरून वळसा घालून जात होते आणि कोणत्याही घरापासून मध्यापर्यंतचे अंतर पाव मैलाच्या आसपास राहावे असा आग्रह होता. पाच मिनिटांत लहान मूल जेवढे चालेल तेवढी वस्ती, असा त्यामागचा साधा विचार होता. ‘वॉक स्कोअर’ने मूल बाजूला ठेवून दुकान मध्यावर आणले, पण अंतर तेच ठेवले. पेरी यांच्या कल्पनेतला मोठ्या रस्त्यांना वस्तीबाहेर ठेवण्याचा अर्धा भाग मात्र गणितात आला नाही आणि माझ्या मते या सेवेची मुख्य उणीव तिथेच आहे.

उणिवांकडे जाण्याआधी या सेवेचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या उपनगरांत घरे एका पट्ट्यात, दुकाने दुसऱ्या आणि कचेऱ्या तिसऱ्या पट्ट्यात ठेवण्याचे नियम रूढ झाले. मिनेसोटातील इडायना येथे १९५६ साली उघडलेल्या ‘साउथडेल’ या पहिल्या पूर्ण बंदिस्त मॉलचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन यांच्या मनात त्याच्या भोवती घरे, शाळा, उद्यान असे एक सबंध नगर होते. बांधला गेला तो मॉल आणि त्याच्या सभोवतीचा वाहनतळ. पुढची अनेक दशके त्याच नमुन्याची नक्कल होत राहिली. या काळात घर घेणाऱ्याला स्वयंपाकघराची लांबी-रुंदी फुटाइंचांत सांगितली जाई, पण दुधासाठी बाहेर पडावे तर किती चालावे लागेल, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नसे. ‘वॉक स्कोअर’ने ते उत्तर कागदावर आणले. नगररचनाकारांच्या परिभाषेत अडकलेला प्रश्न सामान्य ग्राहक विचारू लागला, विकासक त्याची दखल घेऊ लागले आणि नगरपालिकांच्या बैठकांत ‘या प्रकल्पाने इथला आकडा किती वाढेल’ असे विचारता येऊ लागले. एखाद्या मापाने याहून अधिक सामाजिक काम करावे अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

संशोधकांनीही हे माप पारखून पाहिले आहे. ऱ्होड आयलंडमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे गुण आणि चौकांची घनता, घरांची दाटी, सार्वजनिक वाहतुकीची उपलब्धता यांसारख्या प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टी यांच्यात चांगला संबंध आढळला. त्याच अभ्यासात जास्त गुणांच्या भागांत नोंदलेले गुन्हेही अधिक दिसले, ही गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही. गर्दीच्या जागी दुकाने असतात आणि गुन्ह्यांच्या नोंदीही अधिक होतात, त्यामुळे यात आश्चर्य नाही. पण केवळ आकडा पाहून संध्याकाळी एकटीने चालत घरी येणाऱ्या मुलीविषयी कोणी निश्चिंत होऊ नये, एवढे त्यातून नक्की कळते.

आता नव्या वस्तीचा विचार करू. शेतजमिनीवर किंवा माळावर उभ्या राहणाऱ्या वस्तीत आधी घरे येतात, पुरेशी कुटुंबे राहायला आली की दुकानदार गाळे घेतात आणि शाळा बहुधा त्याहूनही उशिरा उघडते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात ताबा मिळालेल्या घराचा आकडा जवळजवळ नेहमीच लाजिरवाणा असतो. त्यावरून ती वस्ती कायमची गाडीच्या आधाराने जगणार असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल आणि विकासकाच्या चित्रात झाडाखाली बसलेली माणसे पाहून आकडा आपोआप वाढेल असे मानणे त्याहूनही चुकीचे. स्टॉकहोमच्या पश्चिमेला १९५४ साली उद्घाटन झालेले व्हेलिंगबी हे उपनगर या संदर्भात मला नेहमी आठवते. तेथे काम, घर आणि केंद्र या तिन्ही गोष्टी एकत्र योजल्या होत्या आणि मध्यवर्ती बाजार भुयारी रेल्वेच्या स्थानकाला लागून ठेवला होता. असा क्रम आधी ठरवलेला असेल तर कमी आकड्याची वस्तीही विश्वास ठेवण्याजोगी असते. ‘वॉक स्कोअर’ला हा क्रम दिसत नाही, कारण त्याला फक्त आज उघडी असलेली ठिकाणे दिसतात. मंजूर आराखड्यात दुकानांसाठी राखलेली जागा, तळमजल्यावर गाळे बांधण्याची अट किंवा शाळेचा आरक्षित भूखंड यांना त्यात स्थान नाही. म्हणून नव्या वस्तीत आकडा पाहणाऱ्याने त्याच दिवशी नगरपालिकेत जाऊन मंजूर नकाशाही पाहिला पाहिजे.

जुन्या जागेच्या पुनर्विकासात चित्र उलटे असते. कोलोरॅडोमधील लेकवुड या उपनगराला स्वतःची जुनी बाजारपेठ अशी नव्हतीच. तेथील ‘व्हिला इटालिया’ हा १९६६ साली उघडलेला मॉल २००१ मध्ये बंद पडला, पाडला गेला आणि त्या १०४ एकरांवर रस्त्यांचे नवे जाळे आखून ‘बेलमार’ नावाचे नगरकेंद्र उभे राहिले. त्याचा पहिला टप्पा २००४ मध्ये खुला झाला. जेथे एक अजस्र इमारत आणि तिच्याभोवती डांबराचे पटांगण होते तेथे वीसहून अधिक ब्लॉक (म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेले तुकडे), घरे, कचेऱ्या, दुकाने आणि चौक आले. अशा बदलाला हे माप अगदी नेमके पकडते, कारण ठिकाणांची संख्या, त्यांचे अंतर, चौकांची घनता आणि ब्लॉकची लांबी या त्याच्या चारही आवडत्या गोष्टी एकाच वेळी सुधारतात. बंद पडलेल्या मॉलचे काय करावे या चिंतेत असलेल्या गावांनी केवळ नवा मुलामा देऊन तीच इमारत पुन्हा उघडण्यापेक्षा रस्त्यांचे जाळे आखणे का श्रेयस्कर, हे पटवून देण्यासाठी या सेवेचे आकडे उपयोगी पडू शकतात.

रस्त्यांच्या जाळ्याचा मुद्दा थोडा अधिक उलगडून सांगण्याजोगा आहे. उपनगरातील अनेक वस्त्यांत गल्ल्या एका टोकाला बंद असतात. दोन घरांच्या मागच्या कुंपणाभिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि तरीही एका दारातून दुसऱ्या दारात जायला मोठ्या रस्त्याने वळसा घालून एक-दीड किलोमीटर चालावे लागते. सुरुवातीच्या काळात ही सेवा हवाई अंतर मोजत असे, त्यामुळे भिंतीपलीकडचे दुकान तिला शेजारचे वाटे. पुढे प्रत्यक्ष चालण्याच्या मार्गाने अंतर धरण्याची सुधारणा झाली आणि मापाची विश्वासार्हता एकदम वाढली. तरीही हिशेब शेवटी नकाशावर अवलंबून आहे. दोन वस्त्यांमधल्या कुंपणात रहिवाशांनी मिळून ठेवलेली वाट नकाशात नोंदलेली नसेल, तर ती वाट आणि तिच्यामुळे वाचलेली वीस मिनिटे आकड्यात उतरणार नाहीत. उलट बाजूने, एखाद्या जुन्या वस्तीचे पुनरुज्जीवन करताना सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी अशा बंद गल्लीच्या टोकाला पायवाट उघडण्याचेच नाव घेईन.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. हे माप ठिकाण किती दूर आहे ते सांगते, पण तिथवरची चाल कशी आहे ते सांगत नाही. घरापासून तीनशे मीटरवर किराण्याचे दुकान असले तरी मधे सहा पदरी रस्ता असू शकतो, पुढचा सिग्नल अर्ध्या किलोमीटरवर असू शकतो, दुभाजकावर थांबायला जागा नसू शकते आणि पदपथ मधेच संपून गवतात शिरू शकतो. मापात हे अंतर पाच मिनिटांच्या आतले, म्हणून पूर्ण गुणांचे. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजीसाठी किंवा ढकलगाडीत बाळ घेऊन निघालेल्या आईसाठी ते दुकान जवळजवळ अस्तित्वातच नाही.

गाडीचा वेग तर या गणितात कुठेच नाही आणि पादचाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा घटक आहे. अमेरिकेतील ‘एएए फाउंडेशन’ या रस्ते-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची सरासरी शक्यता १० टक्के असते. वेग ५१ किलोमीटरच्या आसपास गेला की ती २५ टक्के होते आणि ६८ च्या जवळ गेल्यावर ५० टक्के. उपनगरांना जोडणारे बहुतेक रुंद रस्ते नेमके या दोन शेवटच्या वेगांसाठी बांधलेले असतात. म्हणजे एकाच आकड्याच्या दोन पत्त्यांपैकी एकावर मुलांना एकटे शाळेत पाठवता येईल आणि दुसऱ्यावर पालकांचे धाडस होणार नाही. आकडा दोन्ही घरांच्या जाहिरातीत एकसारखाच छापला जाईल.

याचे सर्वात बोलके उदाहरण लॉस एंजेलिसच्या उत्तरेला असलेल्या लँकेस्टर या झपाट्याने वाढलेल्या गावाचे आहे. तेथील मूळ बाजाररस्ता रुंद होता, गाड्या वेगाने जात असत आणि नवी दुकाने महामार्गालगतच्या मोठ्या संकुलांत निघून गेल्यामुळे जुने गाळे ओस पडू लागले होते. २०१० साली नऊ ब्लॉकच्या लांबीत वाहनांचे पदर कमी करण्यात आले आणि मधोमध झाडांच्या रांगा लावून एक रुंद पट्टा तयार केला गेला, जेथे एरवी गाड्या उभ्या राहतात आणि उत्सवाच्या दिवशी माणसे फिरतात. त्यानंतर अपघातांची संख्या निम्म्याच्या आसपास आली, नवे दुकानदार परतू लागले आणि २०१२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कामाला राष्ट्रीय पुरस्कार दिला. या कहाणीत कारण काय आणि परिणाम काय हे पाहावे. आधी रस्ता संथ झाला, माणसे थांबू लागली आणि मग दुकाने आली. ‘वॉक स्कोअर’ला यातले शेवटचे पाऊल तेवढे दिसते. गाड्यांचा वेग उतरला, सावली आली, रस्ता ओलांडणे सोपे झाले त्या दिवशी त्याचा आकडा हललाच नसता. दुकानांच्या पाट्या लागल्यावर तो वर चढला असता. पुनरुज्जीवनाचा आराखडा करणाऱ्या मंडळींनी जर हा आकडा वाढवणे हेच उद्दिष्ट मानले, तर ते गाळे बांधतील आणि रस्ता आहे तसाच ठेवतील. जुन्या बाजारपेठेपुढे रुंद रस्ता वाहत ठेवून कडेला नवे कारंजे आणि नवे दिवे बसवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. तेथले बाक दुपारी रिकामेच असतात, कारण वाहनांच्या आवाजात तेथे दोन माणसांना बोलताही येत नाही.

दुसरा आक्षेप माणसांविषयी आहे. अर्थतज्ज्ञ जो कॉर्टराइट यांनी २००९ साली अमेरिकेतील १५ शहर-विभागांतील सुमारे ९४,००० घरविक्रींचा अभ्यास करून दाखवले, की १३ विभागांत वॉक स्कोअर जास्त असलेल्या घरांना अधिक किंमत मिळते. विकासकांनी हा निष्कर्ष आनंदाने स्वीकारला आणि तो खराही आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की एखाद्या गरीब जुन्या वस्तीचा आकडा वाढला की तेथील भाडेही वाढण्याची शक्यता निर्माण होते आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही, ज्यांना चालण्याजोग्या वस्तीची सर्वाधिक गरज आहे, तीच कुटुंबे पुढच्या, अधिक कमी आकड्याच्या गावाकडे सरकतात. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच मांडले होते, की जिवंत वस्तीला वेगवेगळ्या वयाच्या इमारती लागतात, कारण नव्या इमारतीचे भाडे फक्त प्रस्थापित धंद्यांना परवडते. सगळेच गाळे एका वर्षी बांधलेले असलेल्या नगरकेंद्रात चपला शिवणारा, सायकल दुरुस्त करणारा किंवा शिकवण्या घेणारा माणूस सहसा दिसत नाही, याचे कारण हेच आहे. मापाच्या दृष्टीने उपाहारगृह म्हणजे उपाहारगृह. तीस वर्षे चाललेले छोटे खानावळवजा दुकान जाऊन त्या जागी महागडे उपाहारगृह आले तरी आकडा तसाच राहतो आणि वस्तीचे काहीच गेले नाही असा भास होतो.

वर सांगितलेल्या ९ वर्गांत दवाखान्याला स्वतंत्र जागा नाही, नोकरीच्या ठिकाणांना नाही, पाळणाघरालाही नाही. कॉफीच्या दुकानांना मात्र दोन भार आहेत. हे भार कोणाच्या दिनक्रमावरून ठरले असतील याचा विचार वापरणाऱ्याने स्वतः करावा. तरुण, धडधाकट, लहान मुले नसलेल्या माणसाचा दिवस या भारांत चांगला बसतो. ज्या घरात आजारी वडील आहेत आणि दोन वर्षांचे बाळ आहे त्या घराला दवाखाना आणि पाळणाघर यांची अंतरे स्वतंत्रपणे मोजावी लागतील. कामावर जाण्याचा प्रवास तर या मापाच्या कक्षेबाहेरच आहे. ओरेगनमधील हिल्सबोरो येथे हलक्या रेल्वेच्या स्थानकाशी जोडून वसवलेल्या ‘ओरेन्को स्टेशन’ या बहुचर्चित वस्तीचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञालाही असे आढळले, की रहिवासी पूर्वीपेक्षा अधिक चालत होते आणि शेजाऱ्यांशी त्यांचे संबंध घट्ट होते, पण कामावर जाताना बहुसंख्य लोक गाडीनेच जात होते. मला यात अपयश दिसत नाही, कारण दुकानापर्यंतची चालही आयुष्य बदलते. आकडा कोणत्या फेऱ्यांविषयी बोलतो आणि कोणत्या फेऱ्यांविषयी गप्प असतो, हे मात्र यावरून ध्यानात येते.

याच सेवेची आणखी दोन मापे आहेत. ‘ट्रान्झिट स्कोअर’ सार्वजनिक वाहतुकीचे गुण देतो आणि वेळापत्रकाची माहिती वाहतूक संस्थेने ठरलेल्या स्वरूपात खुली केली असेल तेथेच मिळतो. ‘बाइक स्कोअर’ सायकलीसाठी आहे आणि त्यात चढ-उतारही पाहिले जातात. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु उपनगरातल्या बसविषयी पहिला प्रश्न शेवटची फेरी किती वाजता सुटते हा असतो आणि त्याचे उत्तर गुणांपेक्षा वेळापत्रकातच शोधलेले बरे.

तुलनेसाठी इतर साधने पाहिली तर ‘वॉक स्कोअर’चे स्थान अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ‘राष्ट्रीय चालण्याजोगेपणा निर्देशांक’ १ ते २० असे गुण देतो आणि चौकांची घनता, सार्वजनिक वाहतुकीची जवळीक, नोकऱ्यांची व घरांची सरमिसळ यांवर आधारलेला आहे. त्याची पद्धत पूर्णपणे खुली आहे, ही मोठी जमेची बाजू. मात्र तो एका घराचे उत्तर न देता सबंध मोहल्ल्याला एकच गुण देतो. दुसऱ्या टोकाला ‘मॅप्स-मिनी’ नावाची केवळ १५ प्रश्नांची पाहणी आहे, जी संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर उभे राहून भरण्यासाठी तयार केली. पदपथ आहे का, रस्ता ओलांडताना पादचाऱ्यासाठी सिग्नल आहे का, कडेला उतरण आहे का, दिवे आहेत का, बाक आहेत का, असे तिचे प्रश्न आहेत. ‘वॉक स्कोअर’ जिथे मुका होतो नेमके तिथून ही पाहणी बोलू लागते. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी एकत्र वापरल्या की दहा-पंधरा पत्त्यांतून दोन-तीन निवडण्याचे काम एका शनिवारात होते आणि नंतर पश्चात्तापाची वेळ येत नाही.

सेवेच्या मांडणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर नकाशा स्वच्छ आहे, ठिकाणांची यादी वर्गवार आहे आणि ठरावीक मिनिटांत कुठवर पोहोचता येईल हे दाखवणारे चित्र फार उपयोगाचे आहे. माझी एकच विनंती राहील: आकड्याच्या खाली त्याचा हिशेब उघड करून दाखवावा. कोणत्या दुकानाने किती गुण दिले आणि लांब ब्लॉकमुळे किती कापले गेले हे रहिवाशांना कळले, तर नगरपालिकेकडे नेमकी मागणी करता येईल. ‘आमचे गुण कमी आहेत’ या तक्रारीपेक्षा ‘या दोन गल्ल्यांमध्ये पायवाट उघडा’ ही मागणी पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

पत्त्यांची पहिली चाळणी म्हणून मी या सेवेला चांगले गुण देईन. गावाच्या पुनर्विकासाचे यश मोजण्यासाठी ती एकटीच वापरली जात असेल तर मी हरकत नोंदवीन आणि त्या बैठकीत रस्त्यावरचा वेग, ओलांडण्याच्या जागांमधले अंतर आणि जुन्या भाडेकरूंपैकी किती उरले, हे तीन आकडे तिच्या शेजारी मांडायला सांगेन. घर घेणाऱ्यांनी पत्ता तपासल्याची तारीख आकड्याशेजारी लिहून ठेवावी, कारण नव्या वस्तीत तो वर्षभरात बदलू शकतो. मग घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत दोनदा चालून पाहावे. एक फेरी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी करावी आणि दुसरी अंधार पडल्यावर, हातात भरलेली पिशवी घेऊन.